रसेल पंडितांसमोर : पुणे, १९८३

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची कारकीर्द मोजायची झाली की लोक आधी पुस्तके विचारतात, मग विद्यार्थी. भरवलेली चर्चासत्रे बायोडेटाच्या शेवटच्या पानावर जातात, आणि खरे सांगायचे तर बहुतेकांची जागा तिथेच असते. आपल्याकडचे नेहमीचे चर्चासत्र डोळ्यांसमोर आणा. वेळ साडेदहाची, दीपप्रज्वलन सव्वाअकराला. समईची वात धड पेटत नाही म्हणून शिपाई कापूर आणायला धावतो. मग पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्राचार्यांचे मनोगत. बीजभाषण संपेपर्यंत जेवणाचा वास सभागृहात येऊ लागलेला असतो. दुपारच्या सत्रात प्रत्येकाला सात मिनिटे मिळतात, अध्यक्ष घड्याळाकडे बोट दाखवत राहतात, ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येत नाहीत’ असे जाहीर होते आणि सगळे प्रमाणपत्राच्या रांगेत उभे राहतात. हे सारे जमवून आणणारा प्राध्यापक महिनाभर केटरर आणि अनुदानाची फाइल यांच्यात अडकलेला असतो. त्याच्या या कामाला कोणी तत्त्वचिंतन म्हणणार नाही, आणि म्हणूही नये.

पुण्यात १९८३ साली झालेल्या एका बैठकीचे प्रकरण तपशिलात मांडावेसे वाटते ते याच कारणाने. इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांचा विधानविषयक सिद्धांत (वाक्यातून जे सांगितले जाते ते विधान, म्हणजे ‘प्रपोझिशन’) संस्कृतातून नव्यन्यायाच्या, म्हणजे न्यायदर्शनातल्या नव्या, काटेकोर तर्कपरंपरेच्या पंडितांपुढे ठेवायचा आणि त्यांचे म्हणणे ऐकायचे, एवढाच कार्यक्रम होता. पण प्रश्न कोणता, भाषा कोणती, कोणाला कोणत्या नात्याने बोलवायचे, हे ठरवण्यातच निम्मे तत्त्वज्ञान खर्ची पडले. ते ठरवणारी माणसे आयुष्यभर शिकवत, लिहीत आणि संपादने करत आलेली होती, म्हणूनच ते ठरवता आले असे माझे मत आहे.

या प्रकरणातले आपल्या घरचे नाव म्हणजे मे. पुं. रेगे. जन्म १९२४. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान शिकवले आणि तिथेच ते प्राचार्य झाले. पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास त्यांनी मराठीत लिहिला, ‘नवभारत’ या मराठी मासिकाचे आणि ‘न्यू क्वेस्ट’ या इंग्रजी नियतकालिकाचे संपादन केले. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाशी आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध होता. १९९४ मध्ये तर्कतीर्थ गेल्यावर मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादकपद रेग्यांकडे आले आणि २००० साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. त्यांचे बरेच लेखन लेख, प्रस्तावना, परीक्षणे अशा रूपात आहे. मुंबईच्या वर्गात रसेल आणि मूर, वाईत न्याय आणि मीमांसा, अशा दोन घरांत त्यांचे जाणेयेणे होते. एकाची ओळख दुसऱ्याला करून द्यायची वेळ अशा माणसावर कधी ना कधी येतेच.

दुसरे नाव दया कृष्ण. तेही १९२४ चेच, जन्म मेरठचा, कर्मभूमी जयपूरचे राजस्थान विद्यापीठ. हे गृहस्थ स्वभावाने प्रश्न विचारणारे. भारतीय तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्म, ते वेदप्रामाण्यावर उभे, आणि ते ठरावीक दर्शनांत कायमचे वाटले गेलेले, या तिन्ही समजुती मिथके आहेत असे त्यांनी १९६०च्या दशकातच लिहिले होते. विद्यापीठातले लोक त्यावर चिडले आणि परंपरावादीही खूश झाले नाहीत. पण लिहून झाल्यावर स्वस्थ बसणाऱ्यांपैकी ते नव्हते. भारतीय तत्त्वज्ञान आजही जिवंत आहे असे म्हणायचे, तर ते जिथे जिवंत आहे त्या माणसांशी बोलायला हवे, हे त्यांना उघड दिसत होते.

ती माणसे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात नव्हती. काशी, मिथिला, बंगाल, तिरुपती, म्हैसूर आणि थोडीफार पुण्यात, पाठशाळा आणि संस्कृत विद्यापीठांतून गुरुमुखाने गंगेश, रघुनाथ, गदाधर या नव्यन्यायाच्या आचार्यांचे ग्रंथ शिकलेली ही मंडळी. इंग्रजीशी बहुतेकांचा संबंध नाही. उलट विद्यापीठातल्या प्राध्यापकाचे तत्त्वज्ञानच इंग्रजीतून सुरू होई. कांट त्याला मूळ ग्रंथावरून ठाऊक, न्याय मात्र अनुवादावरून किंवा कुणाच्या तरी ‘इंट्रोडक्शन’वरून. पुण्याचे उदाहरण घ्या. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली तेव्हा तिथे शास्त्री न्यायही शिकवत. त्याच झाडाला पुढे डेक्कन कॉलेज लागले. म्हणजे दोन्ही परंपरा एका वास्तूतून निघाल्या, आणि दीडशे वर्षांत त्यांच्यात बोलण्यासारखे काही उरले नाही.

अगदीच बोलणे नव्हते असे नाही. प्राध्यापक शास्त्रीबुवांकडे जात. पोथीतली एक ओळ अडली की अर्थ विचारायचा, शास्त्रीबुवा तीन टीका तोंडपाठ म्हणून दाखवायचे, आणि प्रबंधाच्या प्रस्तावनेत त्यांचे आभार मानले जायचे. या व्यवहारात शास्त्रीबुवा म्हणजे चालताबोलता कोश. कोशाला कोणी ‘तुमचे मत काय?’ असे विचारत नाही. खरी अडचण ही होती. दोन्हीकडे विद्वत्ता भरपूर होती, एकमेकांविषयी वरवरचा आदरही होता. एका बाजूला विचार करणारा आणि दुसऱ्या बाजूला माहिती पुरवणारा, ही वाटणी मात्र ठरून गेली होती. ती मोडायची तर नुसते ‘परंपरा आणि आधुनिकता’ अशा नावाचे चर्चासत्र भरवून काय होणार? तसल्या शीर्षकाखाली पंडित मंगलाचरण करून गप्प बसले असते आणि प्राध्यापकांनी निबंध वाचले असते.

प्रश्न निवडणे

म्हणून पहिला निर्णय प्रश्नाचा. तो मोठा नको, नेमका हवा. मोक्ष, माया, पूर्व-पश्चिम वगैरे काही नाही. रसेल यांनी विधानाविषयी जे म्हटले आहे ते मुद्देसूद मांडायचे आणि नैयायिकांना, म्हणजे न्यायाच्या पंडितांना विचारायचे, हे तुम्हाला मान्य आहे का, नसेल तर का नाही. ही मांडणी रेग्यांनी केली.

वरवर पाहता ही निवड विचित्र वाटते. रसेल यांचा तो सिद्धांत १९८३ मध्ये इंग्लंडातही शिळा झाला होता. त्यांनी स्वतःच तो दोनदा बदलला आणि पुढे सोडूनही दिला. पण नैयायिकाशी बोलायला त्याच्याइतका योग्य विषय शोधून सापडला नसता. का, ते जरा सावकाश पाहण्यासारखे आहे.

१९०४ साली जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे आणि रसेल यांच्यात पत्रव्यवहार चालू होता. ‘मों ब्लां हा पर्वत चार हजार मीटरांहून उंच आहे’ या विधानात काय काय असते? फ्रेगे म्हणाले, बर्फासकट खुद्द पर्वत काही विचाराचा घटक असू शकत नाही, विचारात असतो तो पर्वताचा अर्थ. रसेल यांचे उत्तर असे, की बर्फ असो वा नसो, पर्वत स्वतःच विधानाचा घटक आहे. तसे नसेल तर आपल्याला मों ब्लांविषयी काहीच कळत नाही असे म्हणावे लागेल.

आता नैयायिकाला विचारा. ‘हा घट निळा आहे’ असे ज्ञान झाले तर त्या ज्ञानाचा विषय कोण? तो सांगेल, समोरचा घट. घटाची प्रतिमा नाही, घटाचा आकार नाही, खुद्द घट. ज्ञान निराकार असते, बाहेरच्या वस्तूच त्याचे विषय होतात. म्हणजे मों ब्लांच्या बाबतीत नैयायिक थेट रसेल यांच्या बाजूला. पण पुढच्याच पायरीवर तो त्यांचा हात सोडतो. रसेल यांना हवे होते एक असे ‘विधान’, जे कोणी मनात आणो वा न आणो, आपल्या जागी खरे किंवा खोटे असते. नैयायिकाच्या पदार्थांच्या, म्हणजे जगात जे जे आहे त्याच्या मूळ वर्गांच्या, यादीत अशी वस्तूच नाही. त्याच्याकडे आहे ज्ञान, आणि ज्ञान हा आत्म्याचा गुण. ते कोणाला तरी होते, दोनतीन क्षण टिकते आणि जाते. यथार्थ किंवा अयथार्थ असायचे तर ते ज्ञानच. घट विशेष्य (ज्याविषयी ज्ञान आहे तो), निळा रंग प्रकार (त्याचे विशेषण), समवाय (वस्तू आणि तिचा गुण यांना जोडणारा) हा त्यांचा संबंध, अशी त्या ज्ञानाची अंतर्रचना सांगता येते. ती रचना काढून कपाटात वेगळी ठेवता येत नाही.

मग देवदत्त आणि यज्ञदत्त दोघांनाही ‘घट निळा आहे’ हे कळले तर दोघांना कळलेली ‘तीच’ गोष्ट कोणती? रसेल म्हणतील, ते एक विधान. नैयायिक म्हणेल, ज्ञाने दोन आहेत आणि त्यांची विषयता, म्हणजे वस्तूंशी असलेले नाते, सारखी आहे, यापलीकडे तिसरे काही मानण्याची गरज काय? इथे चेंडू प्राध्यापकाच्या अंगणात येतो. कोणीच विश्वास ठेवत नाही पण वादासाठी धरून चालायचे, अशा गोष्टींचे काय? ‘धूर असून अग्नी नसता तर’ हे ज्ञान कोणाचे? त्यावर न्यायात आहार्य ज्ञानाची सोय आहे, खोटे आहे हे ठाऊक असताना मुद्दाम मनात आणलेले ज्ञान. ही सोय पुरेशी आहे की निव्वळ ठिगळ आहे, यावर दोन हुशार माणसे दिवसभर बोलू शकतात.

भ्रमाचा मुद्दा याहून रंगतदार. रसेल यांच्या १९१२ च्या पुस्तकात ऑथेल्लोचे उदाहरण आहे. डेस्डेमोनाचे कॅसिओवर प्रेम आहे असे ऑथेल्लोला वाटते. हे खोटे आहे. मग ऑथेल्लोच्या मनापुढे आहे तरी काय? रसेल म्हणतात, डेस्डेमोना आहे, प्रेम हा संबंध आहे, कॅसिओ आहे, सारे घटक खरेच आहेत, फक्त ऑथेल्लोने मनात जशी जुळणी केली तशी ती जगात नाही. शिंपल्याच्या जागी चांदी दिसते या आपल्याकडच्या जुन्या उदाहरणावर नैयायिकाची अन्यथाख्याती, म्हणजे भ्रमात एक वस्तू दुसरी म्हणून भासते हा सिद्धांत, जवळजवळ हेच सांगते. शिंपला खरा, चांदीही खरी, फक्त ती दुसरीकडची, पूर्वी पाहिलेली. खोटे आहे ते इथले त्यांचे नाते. कित्येक शतकांच्या अंतरावर, एकमेकांची गंधवार्ता नसताना, दोन वास्तववादी एकाच कोपऱ्यात सापडतात आणि एकाच खिडकीतून बाहेर उडी मारतात.

सशाच्या शिंगाचेही तसेच. ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे’ या वाक्यात नसलेल्या राजाविषयी काही बोलले जात आहे असे वाटते. १९०५ मध्ये रसेल यांनी ते वाक्यच फोडले आणि राजाला कर्तेपदावरून खाली उतरवले. न्यायात ‘शशशृंग नाही’ हे वाक्य असेच फुटते. शशशृंग नावाच्या वस्तूचा अभाव सांगायचा नाही, कारण नसलेल्या वस्तूचा अभावही सांगता येत नाही. सांगायचे ते ‘सशावर शिंगाचा अभाव आहे’ असे. ससा खरा, शिंगही खरे, ते गाईच्या डोक्यावर. अभाव हा तर न्याय-वैशेषिकांचा सातवा पदार्थच आहे, प्रागभाव (निर्माण होण्याआधीचा) आणि प्रध्वंसाभाव (नष्ट झाल्यानंतरचा) यांसारख्या पोटभेदांसकट. नकारात्मक तथ्ये जगात असतात असे आपण हार्वर्डमध्ये म्हणालो तेव्हा जवळजवळ दंगलच व्हायची राहिली, असे रसेल यांनी नंतर व्याख्यानात सांगितले. बंगालातल्या नवद्वीपात, नव्यन्यायाच्या माहेरघरी, हेच म्हणाले असते तर कोणी भुवईही उंचावली नसती. फक्त विचारले असते, अभाव कशाचा, कुठे आणि कोणत्या संबंधाने?

अशा जागा हेरायला दोन्हीकडचे घर आतून माहीत असावे लागते. रेग्यांची वर्गातली वर्षे इथे कामाला आली असे मी म्हणतो ते यासाठी. एखादा सिद्धांत त्याच्या ऐतिहासिक पिसाऱ्यातून सोडवून, अनोळखी माणसालाही ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल इतक्या उघड्या रूपात मांडणे, हे काम चांगला शिक्षक रोज करतो. शोधनिबंध लिहिणाऱ्याला ते सहसा करावे लागत नाही, कारण त्याच्या वाचकाला अर्धे आधीच ठाऊक असते.

भाषा आणि बसण्याची जागा

दुसरा निर्णय भाषेचा. चर्चा इंग्रजीत ठेवून पंडितांसाठी दुभाषा बसवणे सोपे होते. ठरले उलटे. रसेल यांनाच संस्कृतात आणले, पंडितांनी आपल्या भाषेत उत्तरे दिली आणि अडखळायची पाळी प्राध्यापकांवर आली. कागदावर ही बाब व्यवस्थेची वाटते, पण तिचा परिणाम खोलवर जातो. ज्याला घरच्या भाषेत बोलता येते तो शंका काढतो, थट्टा करतो, हट्ट धरतो. ज्याला शब्द शोधावे लागतात तो मान डोलावतो. आजवर मान डोलावायचे काम पंडितांकडे होते.

शिवाय नव्यन्यायाची संस्कृत ही बोलायला फार कडक भाषा आहे. ‘झाडावर माकड आहे’ हे साधे वाक्य घ्या. इंग्रजी तर्कशास्त्रात माकड, झाड आणि त्यांच्यातला संबंध, एवढ्यावर भागते. नैयायिक विचारतो, झाडाला माकडाचा संयोग आहे म्हणता, पण कुठे? फांदीशी आहे, बुंध्याशी नाही. मग त्याच झाडावर, त्याच क्षणी, माकडाचा संयोगही आहे आणि त्याचा अभावही. व्याघात टाळायचा तर ‘शाखावच्छेदाने संयोग, मूलावच्छेदाने अभाव’ असे म्हणावे लागते. हा अवच्छेदक, म्हणजे मर्यादा घालणारा घटक, रसेल यांच्या मांडणीत आहे का? नसेल तर त्यांचे संबंधाविषयीचे म्हणणे अपुरे आहे का, की त्यांनी तीच गोष्ट वेगळ्या वाटेने साधली आहे? संस्कृतात उतरवताना असा प्रश्न टाळताच येत नाही. इंग्रजीत तो कधी उपस्थितच झाला नसता.

या कामाला दोन्ही डगरींवर पाय असलेली माणसे लागतात, आणि ती दुर्मीळच. दया कृष्णांच्या मंडळीत जयपूरचे मुकुंद लाठ होते. संस्कृत, संगीतशास्त्र आणि तत्त्वज्ञान तिन्हींत वावरणारे लाठ हे पंडित जसराजांचे शिष्य. मराठी वाचकाला त्यांची आणखी एक ओळख जवळची वाटेल. विनांद कालेवार्त यांच्यासोबत नामदेवांच्या हिंदी पदांचे संपादन त्यांनी केले आहे. अरिंदम चक्रवर्ती यांच्यासारखे तेव्हाचे तरुण अभ्यासकही या उपक्रमाशी जोडले गेले, न्याय आणि विश्लेषक तत्त्वज्ञान दोन्ही शिकलेले. अशा मध्यस्थाला मी दुभाषा म्हणणार नाही. त्याला दोन्ही बाजूंचा मुद्दा आधी स्वतःला पटवून घ्यावा लागतो, तरच तो पलीकडे पोचवता येतो.

तिसरा निर्णय नात्याचा. पंडितांना माहितगार म्हणून बोलवायचे नाही, प्रतिपक्षी म्हणून बोलवायचे. त्यासाठी बाहेरून काही आणावे लागले नाही, कारण न्यायसूत्रांतच कथेचे तीन प्रकार सांगून ठेवले आहेत. सत्य शोधण्यासाठी दोघांनी केलेला तो वाद. काहीही करून जिंकायचे तो जल्प. स्वतःचे काही मांडायचे नाही, समोरच्याचे फक्त खोडायचे, ती वितंडा. (मराठीत यांपैकी ‘वितंडवाद’ तेवढा रोजच्या वापरात राहिला, ही आपल्या सार्वजनिक चर्चेवरची टीका समजायची की वर्णन, ते ज्याचे त्याने ठरवावे.) पूर्वपक्ष, म्हणजे ज्याला उत्तर द्यायचे ते म्हणणे, प्रतिपक्ष्यालाही मान्य होईल इतक्या ताकदीने मांडल्याशिवाय सिद्धांताला तोंड फोडायचे नाही, ही शिस्त पंडितांच्या अंगात मुरलेली असते. पुण्यात रसेल हा पूर्वपक्ष होता. पंडितांना पूर्वपक्ष कसा हाताळायचा हे शिकवावे लागत नाही. नवा पूर्वपक्ष त्यांच्यापुढे कोणी आणला नव्हता, एवढेच.

बैठकीची कागदपत्रे ‘संवाद’ या नावाने भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषदेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. संपादक चार : दया कृष्ण, रेगे, रा. चं. द्विवेदी आणि लाठ. बैठक १९८३ ची, पुस्तक १९९१ चे. मधली आठ वर्षे उशीर म्हणून मोजायची की काम म्हणून? अशा संवादाचे संपादन हे मुद्रितशोधनापुरते नसते. तोंडी बोलण्यातला मुद्दा कागदावर उभा राहील असा करायचा, आणि तो पंडितांचाच राहील हेही पाहायचे. चर्चासत्राचे निबंध दोन महिन्यांत आयएसबीएन लावून छापणाऱ्यांना हे पटणार नाही.

पुढे काय झाले

पुण्यानंतर असे संवाद आणखी झाले. तिरुपतीला मीमांसेवर, वृंदावनात भक्तीवर, अरबी-फारसी परंपरेतल्या विद्वानांशीही. त्यांतला एक प्रसंग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, तो सारनाथचा. काशीचे पंडित बदरीनाथ शुक्ल पुण्याच्या संवादातही होते. पंडितांच्या पिढीतले मान्यवर नैयायिक, संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. सारनाथला त्यांनी एक शक्यता मांडली. न्यायदर्शनात देहाहून वेगळा, नित्य आत्मा न मानता काम भागेल का? भागेल, असा पक्ष त्यांनी उभा केला.

याचे वजन लक्षात घ्या. आत्म्याची सिद्धी हे न्यायाचे शतकानुशतके चालत आलेले काम. उदयनाचार्यांनी बौद्धांविरुद्ध त्यासाठी अख्खा ग्रंथ लिहिला. ज्ञान, इच्छा, सुख, दुःख हे गुण आहेत, गुणाला आश्रय लागतो, देह तो आश्रय होऊ शकत नाही, म्हणून आत्मा. बदरीनाथजी म्हणाले, मनाने युक्त असा देहच आश्रय मानला तर? स्मरणाचे काय, बालपणीचा देह आणि आताचा देह एक नाही त्याचे काय, कर्मफळाचे काय, एकेक आक्षेप घेत न्यायाच्याच सामग्रीतून त्यांनी उत्तरे बसवली. देहात्मवाद म्हणजे चार्वाकाची गादी, तिच्यावर काशीचा नैयायिक जाऊन बसतो आणि म्हणतो, इथूनही न्याय करता येतो, पाहा. या मांडणीचा लाठांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८८ मध्ये परिषदेच्या नियतकालिकात आला.

‘पंडित फक्त जुने घोकतात’ या समजुतीला याहून सणसणीत उत्तर मला माहीत नाही. आणि हेही, की बदरीनाथजींना हा विचार करण्याची कुवत सारनाथच्या मंडपात प्राप्त झाली नव्हती. ती होतीच. त्यांना तसे कोणी विचारले नव्हते.

आता उणी बाजू. पुण्यात प्रश्न रसेल यांचा होता आणि पंडितांनी उत्तर द्यायचे होते. भाषा बदलली, मानाची जागा बदलली, तरी अजेंडा पश्चिमेकडूनच आला. शिळ्या रसेलबद्दल मी वर म्हटले, पण पंडितांच्या दृष्टीने तो आक्षेप लागू होत नाही. चौदाव्या शतकातल्या गंगेशाशी ते समकालीनासारखे भांडतात, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा रसेल त्यांना कालचाच. दिशेचा आक्षेप मात्र लागू होतो. अवच्छेदक, पर्याप्ती, प्रतियोगिता हे नव्यन्यायाचे स्वतःचे प्रश्न घेऊन पंडितांनी बैठक बोलवावी आणि प्राध्यापकांनी महिनाभर तयारी करून यावे, असे चित्र त्या बैठकीत नव्हते.

दुसरे, हे सारे मोजक्या माणसांच्या उत्साहावर चालले. एम.ए.च्या वर्गात पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेचा पेपर वेगळा आणि भारतीय ज्ञानमीमांसेचा वेगळा, ही व्यवस्था पुण्यानंतरही हलली नाही. अनेक ठिकाणी दोन्ही पेपर एकच शिक्षक शिकवतो, सोमवारी रसेल, गुरुवारी तर्कसंग्रह हे न्यायाचे प्राथमिक पुस्तक, आणि दोघांची गाठ काही पडत नाही. हा दोष रेगे-दया कृष्णांच्या माथी मारता येणार नाही. संवादाचा निष्कर्ष अभ्यासक्रमात घालण्यासारखा नव्हताच, तो करून पाहण्यासारखा होता. अभ्यासमंडळाला निष्कर्ष लागतात.

माणसाच्या कारकिर्दीच्या बाजूने पाहिले तर आणखी एक हिशेब निघतो. रेगे ज्या काळात हे करत होते त्याच काळात ते दुसऱ्यांच्या लेखांवरून हात फिरवत होते, नियतकालिक वेळेवर निघेल याची काळजी वाहत होते, आणि नंतर विश्वकोशाच्या नोंदी. त्यांच्याएवढ्या ताकदीच्या माणसाकडून एक मोठा स्वतंत्र ग्रंथ यायला हवा होता, अशी हळहळ व्यक्त करता येते. मी स्वतः त्या बाजूने पुष्कळदा बोललो आहे. पण ‘संवाद’ चाळताना वाटते, की रसेल यांचा पूर्वपक्ष पंडितांना पेलेल असा मांडणारी ती मांडणी कुठल्याही स्वतंत्र प्रकरणाच्या तोडीची आहे. फक्त ग्रंथसूचीत तिची नोंद ‘संपादित’ या सदरात होते, आणि गुणांकनाच्या तक्त्यात संपादिताला कमी गुण.

दिशेची उणीव दया कृष्णांनी नंतर काही अंशी भरून काढली, तीही संपादकाच्या खुर्चीतून. परिषदेच्या नियतकालिकात ते प्रश्न छापत आणि उत्तरे मागवत. त्यांतला एक प्रश्न नैयायिकांना चांगलाच झोंबला : न्याय खरोखर वास्तववादी आहे का? तुम्हीच म्हणता, जे जे आहे ते ते ज्ञेय (जाणता येण्याजोगे) आणि अभिधेय (शब्दाने सांगता येण्याजोगे) आहे. जाणता येणे हे असण्याच्या व्याप्तीशी इतके तंतोतंत जुळत असेल, तर मग ‘ज्ञानाहून स्वतंत्र वस्तू’ या म्हणण्यात उरले काय? हा तर चिद्वादाचाच, म्हणजे वस्तू ज्ञानावर अवलंबून असतात या मताचाच, मागचा दरवाजा झाला.

उत्तर देणाऱ्यांत नागपूरचे नारायणशास्त्री द्रविड होते. विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवलेले आणि शास्त्रही घरच्यासारखे असलेले, म्हणजे पुण्यात ज्या दोन बाजू समोरासमोर बसवाव्या लागल्या त्या एकाच माणसात. एखादी वस्तू जाणली जाऊ शकते म्हणून ती जाणण्यावर अवलंबून असते असे होत नाही, व्याप्ती सारखी असली तरी आधार तोच असेल असे नाही, हा नैयायिकाच्या बाजूचा हुकमी मुद्दा. दया कृष्णांचे त्याने समाधान झाले नाही. त्यांनी पुन्हा विचारले, आणखी लोक उतरले, आणि हा वाद त्या नियतकालिकात वर्षानुवर्षे चालू राहिला.